एसी नको, वारा हवा!

एक कबुली आधीच देऊन टाकते. माझ्या हातून आजवर सात ऑर्किड मेली आहेत. विसरभोळेपणाने नाही हं! टूरवर गेले, पाणी घालायचं राहिलं, असलं काही नाही. सातही लाडाने गेली. एकाला पाणी जास्त झालं, दुसऱ्याला एसी जास्त झाला, तिसऱ्याला तर मी कोकोपीटची मऊ मऊ गादी घातली होती. बिचारं त्या गादीतच कुजलं.

पहिलं होतं फॅलेनॉप्सिस. बड्या हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवलेलं असतं ना, लांब दांड्यावर पांढरी नाहीतर गुलाबी पसरट फुलं, तेच. २०१९ मध्ये माझं प्रमोशन झालं तेव्हा टीमने दिलं होतं. चकचकीत सिरॅमिकची कुंडी, सॅटिनची रिबन, एकदम ग्लॅमरस! लोअर परळच्या आमच्या ऑफिसात माझ्या डेस्कच्या बरोब्बर वर एसीची जाळी आहे. म्हटलं, वा, साहेबांना थंडगार ठेवू. पहिल्याच आठवड्यात कळ्या गळाल्या. मग खालची पानं सुरकुतली. तहान लागली असेल म्हणून मी रोज अर्धा ग्लास पाणी ओतत गेले. त्या सुंदर कुंडीला खाली भोकच नव्हतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तेही वासामुळे.

माझ्या शेजारच्या डेस्कवर जोरहाटहून आलेली एक मुलगी बसायची. अख्ख्या फ्लोअरला ती 'जोरहाटवाली' म्हणूनच ठाऊक. तिने कुंडी उचलली, नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "यार, तू याला बुडवून मारलंस." आणि हसत सुटली.

तिच्याकडे, म्हणजे आसामात, ऑर्किड हा शोपीस नाही. एप्रिलमध्ये रोंगाली बिहू आला की मुली अंबाड्यात जांभळट-गुलाबी फुलांचा लांबलचक तुरा माळतात, तो ऑर्किडचाच. कोपौ फूल म्हणतात त्याला, आसामचं राज्यफूल. आणि गंमत सांगू? हेच झाड आपल्या सह्याद्रीतही आहे. आपल्याकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. एकदाच लिहिलंय, परत लिहायला लावू नका!

जोरहाटवालीच्या घणसोलीच्या फ्लॅटमध्ये ग्रिलला एक कोपौ टांगलेलं असायचं. लाकडाच्या ओंडक्याला बांधलेलं, मुळं हवेत लोंबताहेत, ना माती ना कुंडी. माजुलीला तिचं आजोळ. तिथल्या अंगणातल्या सुपारीवरून तिने तो फुटवा आणला होता. मे २०२२ मध्ये तिला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. जिवंत ऑर्किड सूटकेसमध्ये टाकून परदेशी नेता येत नाही. जंगली ऑर्किडच्या जाती झाडून सगळ्या 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. परवाना लागतो, झाडाला रोग नसल्याचा दाखला लागतो. व्हिसाच्या गडबडीत कोण करणार ते? निघायच्या आदल्या दिवशी तिने कोपौ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "फक्त लाड करू नकोस."

मी काय केलं असेल? ओळखलंत!

जुलैतला फोन

तो ओंडका मला कसातरीच दिसायचा. म्हणून मी कोपौ छानशा प्लॅस्टिकच्या कुंडीत लावलं. त्यात कोकोपीट, वर मूठभर गांडूळखत. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहतो. जूनमध्ये वारा सुटला की पाऊस थेट सोफ्यावर येतो, म्हणून स्लायडिंग खिडक्या दिवसभर बंद. ऑर्किडला दमट हवा आवडते हे मी वाचलेलं होतं. म्हटलं, जुलैतल्या ठाण्याहून दमट आणखी काय असणार?

जुलैच्या मध्यावर एका शनिवारी पानाच्या बुडाशी एक डाग दिसला. पाणी भरल्यासारखा, कडेला पिवळसर. रुपयाएवढा असेल. सोमवारी ऑफिसला निघताना पाहिलं तर अर्धं पान गेलेलं. बोट लावलं तर आत रुतलं आणि वास तोच, सिरॅमिकच्या कुंडीवाला.

त्या रात्री मी जोरहाटवालीला फोन लावला. अगदी हलकंफुलकं बोलायचं ठरवून. म्हटलं, "सॉरी यार, तुझं कोपौ गेल्यात जमा आहे. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा आजीच्या अंगणातलं दुसरं आण ना."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं लाइन गेली. मग ती म्हणाली, आजीचं अंगण आता नाही. माजुली हे ब्रह्मपुत्रेतलं बेट. नदी त्याचा काठ वर्षानुवर्षं कापत आलीय. २०२१ च्या पावसात ती सुपारी, तो कोपरा, सगळं नदीत गेलं. आजी आता जोरहाटला मामाकडे असते.

"तुझ्याकडे आहे ना, तेवढंच आहे," ती म्हणाली. "मुद्दामच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू घेतलंच नसतंस."

बरोबर होतं तिचं. नसतंच घेतलं.

हे झाड आहे की लोणचं?

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने नर्सरी गाठली. तिथल्या काकांनी कुंडीत बोट घातलं, बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. पाणी ठिबकत होतं.

"ताई, हे झाड आहे की लोणचं? एवढं मुरत घातलंय ते!"

मग त्यांनी मला जे शिकवलं ते सात ऑर्किड मारण्याआधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! आपण कुंडीतली झाडं बघत वाढलेलो. मूळ म्हणजे मातीत गाडायची वस्तू, हेच डोक्यात बसलेलं. आपल्या बाजारात दिसणारी बहुतेक ऑर्किड मुळात झाडांवर राहणारी. फांदीला धरून, मुळं उघड्यावर. (बांडगूळ नव्हे बरं का! बांडगूळ यजमान झाडात मूळ खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड नुसतं टेकून बसतं, भाडेकरूसारखं. जेवणखाण स्वतःचं.)

त्या मुळावर पांढरट, स्पंजासारखं जाड आवरण असतं. मृत पेशींचं. पावसाची सर आली की हे आवरण बघता बघता पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. सर गेली, वारा सुटला की सुकून परत चंदेरी. भिजायचं, सुकायचं, पुन्हा भिजायचं. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. कोकोपीटमध्ये दाबलेलं मूळ पावसाळाभर ओलंच राहतं, त्याला प्राणवायू मिळत नाही आणि ते गुदमरून कुजतं. आता यातली खरी मेख बघा. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं सुरकुततात. सुरकुतलेली पानं बघून आपल्याला वाटतं, तहानलंय. आपण आणखी पाणी ओततो. माझं प्रमोशनवालं फॅलेनॉप्सिस याच गणिताने गेलं. त्यात वरून एसीची कोरडी हवा, म्हणजे खाली पूर आणि वर दुष्काळ!

शिवाय ही मंडळी नाइट शिफ्टवाली. फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि त्यांच्या नात्यातली ऑर्किड पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. रात्री गारवा आला की ती उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. आपण मात्र रात्री खिडक्या लावून झोपतो. मे महिन्यातली ती कोंडलेली, सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची रात्र आपल्याला सोसत नाही, तशी त्यांनाही नाही.

दमट हवा आणि कोंदट हवा यांत फरक आहे, हे काकांचं वाक्य मी ऑफिसच्या व्हाइटबोर्डवर लिहिणार होते. बॉसने गैरसमज करून घेतला असता म्हणून राहिलं.

पण माझ्यासारखे वेंधळे मी एकटीच नाही, हे नंतर वाचून बरं वाटलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या सरदार-जमीनदारांना ऑर्किडचं वेड लागलं. गरम देशातलं झाड म्हणजे त्याला वाफच हवी, असा त्यांचा समज. काचघरं बंद करून आत भट्टी पेटवायची, जमीन ओली ठेवायची, वाऱ्याची फट म्हणून ठेवायची नाही. त्या खोलीला 'स्टोव्ह' म्हणजे चूलच म्हणायचे. जहाजं भरभरून आणलेली झाडं त्या चुलीत मेली. शेवटी १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन या चॅट्सवर्थच्या हेड माळ्याने काचघराला झरोके ठेवले, उष्णता कमी केली, हवा खेळती केली, आणि झाडं जगायला लागली. (पुढे १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला तो हाच.) त्याच्याच मालकाने एका माळ्याला ऑर्किड गोळा करायला धाडलं होतं ते आपल्या ईशान्येकडे, खासी टेकड्यांत. आणि पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी मी ठाण्यात परत तीच चूल पेटवली होती!

ब्लेड, दालचिनी आणि पंखा

काकांनी कुंडी उलटी केली. कोकोपीट झटकलं, नळाखाली मुळं धुतली. पोकळ झालेली, दाबली की साल सुटून आत दोरा उरणारी मुळं कापून टाकली. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने डागाच्या बरंच पुढे, चांगल्या भागात जाऊन पान छाटलं. प्रत्येक कापानंतर ब्लेड परत पुसलं. मला वाटलं उगाच सोवळं पाळताहेत, पण ही कुज जिवाणूंची असते आणि आपल्याच ब्लेडवर बसून पुढच्या पानावर जाते. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चोपडली. ही साधी, आपल्या ओट्यावरची दालचिनी. बुरशीला ती आवडत नाही आणि जखम कोरडी राहते. मुळांना मात्र लावायची नाही. चांगल्या मुळालाही ती सुकवते.

उरली तीन पानं आणि दोन धड मुळं.

"आता चार दिवस पाणी बंद. पंख्यासमोर टांगा. थेट झोत नको, हवा हलती हवी," काका म्हणाले. किती पैसे झाले विचारलं तर म्हणाले, "जगलं तर द्या."

त्या रात्रीपासून आमच्या हॉलमध्ये एक टेबल फॅन चोवीस तास चालू. नवऱ्याने विचारलंही, "माणसांचा नंबर कधी लागणार?" विजेचं बिल थोडं वाढलं, नाही असं नाही.

डाग पुढे गेला नाही. पण दोन मुळांवर झाड किती दिवस तग धरणार? ऑगस्टअखेर गणपतीसाठी सावंतवाडीला आत्याकडे गेले तेव्हा डोक्यात तेच. आत्याच्या परसात आंब्यावर, फणसावर आमरी आहेत. कोकणात झाडावरच्या ऑर्किडला आमरीच म्हणतात. लहानपणापासून बघत आलेय, पण 'बघितलं' म्हणावं असं कधी बघितलंच नव्हतं. तिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने झाड भिजतंय आणि कुजत नाही, हे कसं?

आत्याला विचारलं, किती पाणी घालतेस? ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो, तेका पाणी कित्याक घालतंलय? ता काय अळू आसा? वारो लागाक व्हयो तेका."

मग मी छत्री घेऊन आंब्याखाली उभी राहिले आणि नीट बघितलं. एकही आमरी सरळ उभी नव्हती. सगळ्या खोडावर आडव्या, तिरक्या, काही तर चक्क खाली तोंड करून. पानांच्या बेचक्यात पाण्याचा थेंब थांबतच नव्हता. पडला की ओघळून गेला. आणि आपण? नीट उभं राहावं म्हणून काठीला बांधतो! मग पाणी पानांच्या मधोमध, कोवळ्या कोंबात साचतं आणि तिथूनच कूज सुरू होते.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे जोरहाटवालीचा जुना ओंडका माळ्यावरून काढला. धुतला, वाळवला आणि कोपौ त्यावर तिरकं, थोडं खाली तोंड करून बांधलं. जुन्या सुती ओढणीच्या पट्टीने. ऑक्टोबरमध्ये एका मुळाला हिरवंगार टोक फुटलं. मी त्याचा फोटो काढून रात्री दीडला नेदरलँड्सला पाठवला. तिने उलट नुसता एक रडका चेहरा पाठवला. तो आनंदाचा होता, असं मी धरून चालले.

तुम्ही घेणार असाल तर

हे वाचून नर्सरीत धावणार असाल तर थांबा. आधी आपलं घर बघा, मग झाड निवडा. मी उलटं केलं म्हणून सात गेली.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे सगळ्यात सोसणारं ऑर्किड म्हणजे डेंड्रोबियम. बुकेमध्ये जांभळी-पांढरी फुलं असतात ना, थायलंडहून ढिगाने येतात ती, त्यातलं. त्याला उष्मा आवडतो, सकाळचं ऊन आवडतं, पूर्वेची ग्रिल असेल तर काम झालं. व्हँडा त्याहून देखणी. ती बिनमातीची, मुळं लोंबकळत ठेवायची. पण उन्हाळ्यात तिला रोज सकाळी मुळं हिरवी होईतो भिजवायला लागतं. सकाळी आठची ठाणे फास्ट पकडणाऱ्यांनी विचार करून घ्यावी. कालिम्पाँग-सिक्कीमकडची सिम्बिडियम इथे फुलांसकट विकायला येतात. फुलं बघा, फोटो काढा आणि पुढे चला. त्यांना गार रात्री लागतात. आपल्याकडे पानं येतील, फुलं नाही.

सिंगापूरवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. त्यांचं हवामान आपल्या पावसाळ्यासारखं, तेही बारा महिने. त्यांच्या बोटॅनिक गार्डन्समध्ये १९२८ पासून गरम हवेला धार्जिण्या जातींचे संकर केले जातात. त्यांचं राष्ट्रीय फूल 'व्हँडा मिस जोआकिम' हाही एक संकरच, १८९३ मध्ये अॅग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेतला. १९८१ मध्ये त्याला तो मान मिळाला. आणि थंड डोंगरातल्या ऑर्किडसाठी त्यांनी वेगळं गार काचघरच बांधलंय. म्हणजे जिथे पैसा आणि हौस दोन्ही आहे तिथेही हवामानाशी भांडत नाहीत!

फॅलेनॉप्सिस घेऊच नका असं मी म्हणणार नाही. फुलं दोन-तीन महिने टिकतात, आणखी काय हवं? पण ते परत फुलवायचं तर एक गोम आहे. ती मला जोरहाटवालीने तिकडून कळवली. तिथल्या ग्रीनहाऊसमध्ये आधी २८ अंशांवर ठेवून नुसती पानं वाढवतात आणि मग तापमान विशीच्या आसपास उतरवतात, की दांडा येतो. गरमीत फॅलेनॉप्सिस फुलायचं नावच काढत नाही. म्हणजे मुंबईत त्याची वेळ एकच, डिसेंबर-जानेवारीतल्या त्या चार गार रात्री. तेव्हा त्याला खिडकीशी ठेवा, खिडकी उघडी ठेवा. माझ्याकडे आता आठवं फॅलेनॉप्सिस आहे. त्याने २०२४ च्या जानेवारीत दांडा काढला. एसीच्या जाळीखाली नाही, बेडरूमच्या खिडकीत.

कुंडी मातीची आणि सगळीकडून भोकं असलेली. आत कोळसा आणि विटांचे तुकडे, बस्स. नारळाची सोडणं स्वस्त आणि चांगली, पण आमच्याकडच्या पावसात ती ओल धरून बसतात. उन्हाळ्यात वापरायची तर आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, खार निघून जायला हवा. कोकोपीटबद्दल मी आता काही बोलत नाही.

पाणी सकाळी. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर झाडांशी गप्पा मारत पाणी घालणं फार रोमँटिक असतं, पण रात्रभर पानं ओली राहतात आणि तेच कुजेचं आमंत्रण. कोंबात पाणी राहिलंच तर टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या. मुळं बघा. चंदेरी असतील तर पाणी, हिरवी असतील तर नाही. पावसाळ्यात आठवडा-आठवडा पाणी लागत नाही. हात शिवशिवतात, आवरायचे. सोसायटीत टँकरचं जड पाणी येत असेल, मुळांवर पांढरे खारट थर दिसत असतील, तर पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा किंवा पिण्याच्या नळाचं वापरा. खत म्हणजे १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही नवी पानं-मुळं येत असतील तेव्हाच. आजारी झाडाला खत घालणं म्हणजे तापातल्या माणसाला बिर्याणी.

ऊन किती हवं ते पान सांगतं. गर्द हिरवं पान दिसायला छान, पण त्याला उजेड कमी पडतोय. पोपटी असेल तर ठीक. पिवळट, लालसर झालं तर जास्त होतंय, हिरवी शेडनेट लावा. ऑक्टोबर हीट आली की हे हमखास होतं. चार महिने ढगाखाली राहिलेलं झाड एकदम कडक उन्हात येतं आणि भाजतं. तेव्हा त्याला आठवडाभर थोडं आत सरकवा.

पावसाळ्याआधी कोकणात सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. आत्याच्या यजमानांनी मला तेच सुचवलं होतं. तांब्याची औषधं ऑर्किडच्या कुजेवर चालतात हे खरं, पण डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, तिथे हात आखडा. मी कोपौवर काहीच मारलं नाही. पंखा मात्र बंद केला नाही.

आणि एक. आंबोलीच्या, महाबळेश्वरच्या रस्त्याला कधी कधी गोणपाटात गुंडाळलेली आमरी विकायला बसलेले दिसतात. स्वस्त असतात, मोह होतो. ती जंगलातून ओरबाडलेली असतात. ती बहुधा तुमच्या ग्रिलमध्ये मरणार आणि तिकडचं झाडही ओकंबोकं होणार. माझ्या मैत्रिणीच्या घरचं शेवटचं झाड हातात धरून बसले होते तेव्हापासून मला त्या गोणपाटाकडे बघवत नाही. नर्सरीत वाढवलेलं मागा.

बिहू चुकला

२०२३ मध्ये कोपौने फूल दिलं नाही. तीनाची पाच पानं झाली, मुळं ओंडका ओलांडून ग्रिलच्या गजाला चिकटली, बस्स. त्या वर्षीच्या बिहूला जोरहाटवालीने विचारलंसुद्धा नाही, मीही विषय काढला नाही.

२०२४ च्या मार्चअखेर पानाच्या काखेत काहीतरी बारीक दिसलं. मूळ असेल म्हटलं. मुळाचं टोक गुळगुळीत असतं, हे जरा खवल्याखवल्यांचं होतं. दहा दिवसांनी खात्री झाली. तुरा! एप्रिलच्या मध्याला बिहू झाला तेव्हा तो जेमतेम बोटभर होता, कळ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या. मी रोज सकाळी डब्याची पिशवी खांद्याला लावून ग्रिलशी उभी राहायची आणि एक लोकल सोडायची. एप्रिलच्या शेवटी ठाण्यात इतकं उकडत होतं की वाटलं, आता कळ्या गळणार. दुपारी शेडनेट, सकाळी भरपूर पाणी, रात्री खिडकी उघडी आणि पंखा. गळाल्या नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात फुललं. वीतभर तुरा, पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, शेकड्याला कमी नसतील इतकी फुलं, सगळी खाली बघणारी. व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "महिनाभर उशीर! आमच्याकडे बिहू संपून लोक शेतावरसुद्धा गेले."

मी म्हटलं, आमच्याकडे सीतेची वेणी मे-जूनमध्येच फुलते. आत्याच्या फणसावर याच आठवड्यात आलीय.

"म्हणजे मराठी झालं का ते!" ती ओरडली. मग मागे वळून तिने कुणाला तरी असमियात हाक मारली, आणि स्क्रीनवर पांढऱ्या मेखला-चादरीतली एक म्हातारी आली. आजी जोरहाटहून तीन महिन्यांसाठी नातीकडे गेली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजीने चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं. बराच वेळ बघून काहीतरी म्हणाली. जोरहाटवाली हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, झाड खाली तोंड करून बांधलंय ते बरं केलं. मी मूर्खासारखं सरळ बांधलं होतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात फुलं एकेक करून गळाली. नऊ तारखेला जोराचा पाऊस आला. मी वाळलेला तुरा कापला, ओंडका ग्रिलवरून काढून पंख्यापाशी टांगला आणि नर्सरीवाल्या काकांचे पैसे द्यायला गेले. ते विसरले होते.